खानजहान लोदी : ज्याच्या बंडामुळे बादशाह शाहजहान दख्खनेत उतरला

धाराशिव जिल्ह्यात परंड्याचा भुईकोट बघायला जाणाऱ्यांना तिथं साधारण तीन नावं ऐकायला मिळतात : महमूद गवान, मलिक अंबर आणि मुलूख-ए-मैदान तोफ. चौथं नाव सहसा कुणी घेत नाही. ते आहे खानजहान लोदीचं. हा माणूस परंड्याचा नव्हता, किल्लाही त्याचा नव्हता. पण १६३० ते १६३४ या काळात परंड्याच्या तटाखाली मोगल फौजा दोनदा येऊन बसल्या, त्याची सुरुवात याच सरदाराच्या बंडातून झाली. शेजारचं बीड तर काही महिने त्याची जहागीरच होतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मुमताज महल बेगमचा इंतकाल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात झाला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण आग्र्याची बेगम बुऱ्हाणपुरात काय करत होती? बादशाह खानजहानचं बंड मोडायला दख्खनच्या मोहिमेवर आला होता आणि बेगम सोबत होती. ताजमहलच्या कहाणीत हा भाग फार कमी वेळा सांगितला जातो.

नाव आणि घराणं

मूळ नाव पीरखान. ‘खानजहान’ हा किताब आहे, नाव नव्हे. इतिहासात या किताबाचे बरेच लोक भेटतात, त्यामुळे गोंधळ होतो. तुघलकांच्या काळातला खानजहान मकबूल वेगळा, औरंगजेबाचा सरदार खानजहान बहादूर कोकलताश वेगळा. आपला हा जहांगीर बादशाहच्या काळात चढलेला अफगाण.

घराणं लोदी पठाणांच्या शाहूखेल शाखेचं. दिल्लीचा सुलतान बहलोल लोदी याच शाखेतला. म्हणजे रक्ताच्या नात्याने लांबचे का होईना, पण ज्यांच्या खानदानाने एकेकाळी दिल्लीवर राज्य केलं त्या लोकांपैकी हे होते. १५२६ साली पानिपतात इब्राहिम लोदी पडला आणि राज्य मोगलांकडे गेलं. त्यानंतर शेरशाह सूरने अफगाणांना पुन्हा एकदा तख्त मिळवून दिलं, तेही १५५५ मध्ये गेलं. अकबराच्या दरबारात तुराणी, इराणी, राजपूत यांना मोठ्या जागा मिळत होत्या. अफगाणांकडे मात्र संशयानेच बघितलं जायचं. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली नाही तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

पीरखानच्या वडिलांचं नाव दौलतखान लोदी. (बाबरला हिंदुस्थानात बोलावणारा पंजाबचा दौलतखान लोदी तो हा नव्हे. तो दोन-तीन पिढ्या आधीचा.) हा दौलतखान आधी मिर्झा अझीझ कोका आणि नंतर अब्दुर्रहीम खानखानान यांच्या पदरी होता. आपल्या दोह्यांमुळे घराघरात माहीत असलेले रहीम ते हेच. शेवटी तो शहजादा दानियालच्या सेवेत आला आणि अहमदनगर मोगलांनी घेतलं त्याच सुमारास वारला. म्हणजे बापाचा शेवट दख्खनेत झाला आणि मुलाची सगळी भली-बुरी कमाईही दख्खनेतच झाली.

पीरखान तरुणपणी बापाशी भांडून थोरल्या भावाबरोबर बंगालमध्ये राजा मानसिंगाकडे गेला होता, असं मोगल सरदारांच्या चरित्रग्रंथात येतं. भाऊ तरुणपणीच गेला. पीरखान परतला, दानियालकडे राहिला आणि १६०५ मध्ये दानियालही मेल्यावर जहांगीरने त्याला दरबारात बोलावून घेतलं.

जहांगीरचा ‘फर्जंद’

जहांगीरला हा अफगाण इतका का आवडला, याचं एकच कारण सांगता येणार नाही. पण आवडला हे नक्की. आधी सलाबतखान हा किताब, मग खानजहान. मनसब तीन हजारीवरून पाच हजारीवर. बादशाहने त्याला ‘फर्जंद’ म्हणजे मुलगा म्हणवून घेतलं आणि आपल्या आत्मचरित्रात त्याच्याबद्दल फार आपुलकीने लिहिलं. त्या काळच्या दरबारात कोण कुठं उभा राहतो, कुणाला कुठल्या नावाने हाक मारली जाते, यावर माणसाची किंमत ठरायची. एका अफगाणाला ‘बेटा’ म्हटलं जातंय, ही बाब बाकीच्या अमीरांना चांगलीच झोंबली असणार.

१६०९-१० च्या सुमारास तो दख्खनेत आला. इकडं मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली होती. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर अंबरने मुर्तझा निजामशाहला परंड्यातच गादीवर बसवलं होतं. म्हणजे काही काळ आपला परंडा हे एका सल्तनतीचं पायतख्त होतं! अंबरच्या गनिमी काव्यापुढं मोगलांचं काही चालत नव्हतं. १६११ मध्ये मोगलांनी दोन बाजूंनी चढाई ठरवली. गुजरातहून नाशिकमार्गे अब्दुल्लाखान येणार आणि वऱ्हाडाकडून राजा मानसिंग व खानजहान. दोघांचा मेळ बसला नाही. अब्दुल्लाखान एकटाच पुढं आला आणि अंबरच्या स्वारांनी त्याला मारून पिटाळून लावलं. हा अब्दुल्लाखान लक्षात ठेवा. वीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

पुढची वर्षं आम्ही भराभर ओलांडतो. खानजहान मुलतानला होता, नंतर गुजरातचा सुभेदार झाला. १६२२ पासून शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा खानजहान बादशाहच्या बाजूने राहिला. मग महाबतखानच्या जागी शहजादा परवेझचा सल्लागार म्हणून बुऱ्हाणपूरला आला. मे १६२६ मध्ये मलिक अंबरचा इंतकाल झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परवेझही गेला. दख्खनचा सगळा कारभार एकट्या खानजहानच्या हातात आला.

दरबारात ‘इमानदार’ ठरलेल्या या माणसाच्या मागं एक कच्चा दुवा तेव्हाच तयार झाला होता. खुर्रम बंडखोर होता, तेव्हा हा त्याच्या विरोधात उभा होता. आता तोच खुर्रम बादशाह होणार होता.

तीन लाख होन आणि बालाघाट

आपल्या भागाशी सगळ्यात जवळचा प्रसंग हा. मोगल कागदांत ‘बालाघाट’ म्हणजे घाटावरचा मुलूख, ‘पाईनघाट’ म्हणजे घाटाखालचा. धाराशिव, बीडच्या डोंगररांगेला आपण आजही बालाघाटच म्हणतो. निजामशाहीकडून मोगलांनी घेतलेला घाटावरचा मुलूख खानजहानच्या ताब्यात होता. निजामशाहचा कारभारी हमीदखान हबशी याने त्याच्यापुढं तीन लाख होन ठेवले आणि मुलूख परत मागितला. खानजहानने ठाणेदारांना हुकूम पाठवले : ठाणी निजामशाहच्या माणसांच्या हवाली करा आणि निघून या.

बहुतेकांनी ऐकलं. अहमदनगरचा किल्लेदार सिपहदारखान मात्र अडून बसला. बादशाहचं फर्मान आल्याशिवाय किल्ला देणार नाही, असं त्याने सांगितलं आणि खरोखरच दिला नाही.

मोगल इतिहासकारांनी याला सरळ लाचखोरी म्हटलंय. तीन लाख होन ही रक्कम बघता तसं म्हणायला जागाही आहे. पण आम्हाला वाटतं, यात निव्वळ पैशाची हाव नव्हती. जहांगीर आजारी होता, वारस कोण हे ठरलेलं नव्हतं, खुर्रम आला तर आपली खैर नाही हे खानजहानला कळत होतं. अशा वेळी दक्षिणेत एक दोस्त करून ठेवणं त्याला गरजेचं वाटलं असावं. पुढं तो पळून आला तो याच निजामशाहच्या दारात, हे काही योगायोगाने झालं नाही.

ऑक्टोबर १६२७ मध्ये जहांगीर वारला. शाहजहान त्या वेळी जुन्नरला होता. त्याने जाननिसारखानला फर्मान देऊन बुऱ्हाणपूरला पाठवलं : दख्खनची सुभेदारी तुमच्याकडेच राहील, आमच्या बाजूला या. खानजहानने नीट जवाबच दिला नाही. दर्याखान रोहिला आणि दिवाण फाझिलखान यांनी त्याला सांगितलं होतं की लाहोरात दुसरा शहजादा आहे, दिल्ली अजून कुणाचीच नाही, घाई कशाला? सल्ला सपशेल चुकला. खानजहान फौज घेऊन मांडूला गेला आणि माळवा ताब्यात घ्यायला लागला. सोबत राजा गजसिंग आणि राजा जयसिंग होते. शाहजहान अजमेरला पोहोचल्याची खबर आली तसे दोन्ही राजे आपापल्या वाटेने निघून गेले. खानजहानला तेव्हा उमगलं की डाव उलटला.

फेब्रुवारी १६२८ मध्ये शाहजहान तख्तावर बसला. खानजहानने माफीचा अर्ज केला, माफी मिळाली. आधी दख्खनची सुभेदारी कायम केली आणि गेलेला बालाघाट परत घ्यायला सांगितलं. ते काही झालं नाही. मग माळव्यात बदली. मग जुझारसिंग बुंदेल्यावरच्या मोहिमेत कामगिरी. आणि मग हुजूरात, आग्र्याला हजर राहण्याचा हुकूम.

आग्र्याची रात्र

दरबारात तो सुमारे आठ महिने होता. कुणी उघड काही बोलत नव्हतं, पण पूर्वीचा मानही उरला नव्हता. अशात मुखलिसखानचा मुलगा लश्करी याने खानजहानच्या मुलांच्या कानावर घातलं की आज-उद्या तुम्हा बाप-लेकांना कैद होणार. खरं की चेष्टेत बोलला, कोण जाणे. पण घाबरलेल्या घरात अशी एक ठिणगी पुरते. खानजहानने दरबारात जाणं बंद केलं आणि हवेलीत आपल्या पठाणांचा पहारा बसवला. बादशाहने वजीर आसफखानला पाठवलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं अभयपत्र दिलं. खानजहान पुन्हा दरबारात आला. तरी मनातली धास्ती गेली नाही.

सफर १०३९, म्हणजे ऑक्टोबर १६२९ मधल्या एका रात्री तो मुलं, नातेवाईक आणि सुमारे दोन हजार अफगाण घेऊन आग्र्यातून निघाला. बादशाही फौज मागं लागली. धौलपूरजवळ चंबळेच्या काठी गाठ पडली. पुढं दुथडी नदी, मागं शत्रू. तिथं जी लढाई झाली त्यात खानजहानचे दोन मुलगे, हुसेन आणि अझमत, कामी आले. मोगलांकडूनही मोठे लोक पडले, खिदमतपरस्तखान त्यातलाच. जखमी खानजहान नदी ओलांडून गेला.

बुंदेलखंडात जुझारसिंगाचा मुलगा विक्रमाजित याने त्याला आडवाटेने पार करून दिलं. पाठलाग करणाऱ्यांना भलतीकडंच वाट दाखवली. तिथून गोंडवन, वऱ्हाड आणि मग निजामशाही. बुऱ्हाण निजामशाहने दौलताबादेत त्याचं स्वागत केलं आणि बीड परगणा जहागीर म्हणून दिला.

‘पीरा’

इथं कागदपत्रांबद्दल थोडं बोललं पाहिजे. या बंडाची सगळ्यात तपशीलवार हकीकत अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनामा’त आहे. तो ग्रंथ बादशाहच्या हुकुमाने लिहिलेला. त्यात बंडानंतर खानजहानचा उल्लेख ‘पीरा’ असा येतो. पीरखान नाही, खानजहान तर नाहीच, नुसता ‘पीरा’. जसं आपल्याकडं एखाद्याला ‘ए पिऱ्या’ म्हणून हाक मारावी. दर्याखानचा तसाच ‘दर्या’ केलाय. निजामशाहला ‘शाह’ म्हणायचं नाही म्हणून ‘निजामुल्मुल्क’. कलमाने किताब काढून घ्यायची ही पद्धत होती. आपण आज जो खानजहान वाचतो, तो बहुतांशी त्याच्या शत्रूच्या पगारी लेखकाने लिहिलेला आहे.

याला तोल देणारं एक पुस्तक मात्र आहे, आणि ते खुद्द खानजहानने लिहवून घेतलं. न्यामतुल्लाह हरवी या विद्वानाने त्याच्या आश्रयाने, समानाच्या हैबतखानच्या मदतीने, बुऱ्हाणपुरात ‘तारीख-ए-खानजहानी व मखजन-ए-अफगानी’ हा ग्रंथ १६१३ च्या सुमारास पुरा केला. अफगाण टोळ्यांचा इतिहास, लोदी आणि सूर सुलतानांची हकीकत, वंशावळी, पठाण औलियांचे किस्से, असं सगळं त्यात आहे. १८२९ मध्ये बर्नहार्ड डॉर्नने त्याचं इंग्रजी भाषांतर छापायला सुरुवात केली, तेव्हा युरोपाला अफगाणांची ओळख याच पुस्तकातून झाली. मराठवाड्यातल्या कितीतरी पठाण घरांत ‘कैस अब्दुर्रशीद हे आपले मूळ पुरुष’ असं बुजुर्ग सांगतात. त्या परंपरेचा सगळ्यात प्रसिद्ध लेखी आधार म्हणजे हेच पुस्तक. आता त्या वंशावळीत इतिहास किती आणि श्रद्धा किती, यावर अभ्यासकांचे आक्षेप आहेत आणि ते आम्हाला पटतातही. पण बंडखोर म्हणून मारला गेलेला एक सरदार आपल्या कौमचा इतिहास मागं ठेवून गेला, ही गोष्ट त्यामुळं छोटी होत नाही.

बीड, धारूर, परंडा

शाहजहानने हे बंड फार मनावर घेतलं. १६२९ च्या अखेरीस तो स्वतः निघाला आणि मार्च १६३० मध्ये बुऱ्हाणपूरला पोहोचला. एका पळालेल्या सरदारासाठी बादशाह स्वतः का? कारण प्रश्न एका सरदाराचा नव्हता. खानजहान अफगाणांचा सगळ्यात मोठा माणूस होता. पेशावरपासून बिहारपर्यंत पसरलेले पठाण त्याच्या नावावर उठले असते, शिवाय निजामशाही आणि आदिलशाही पाठीशी राहिल्या असत्या, तर मोगलांना जड गेलं असतं. तीन फौजा निघाल्या : एक इरादतखानची (हाच पुढं आझमखान झाला), एक राजा गजसिंगाची, एक शायिस्ताखानची. पुण्याच्या लाल महालामुळं आपल्याला माहीत असलेला शायिस्ताखान तो हाच, तेव्हा ऐन तरुण.

निजामशाही मात्र आतून पोखरली होती. जुलै १६२९ मध्ये, म्हणजे खानजहान यायच्या जरा आधी, दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांच्या मुलांची हत्या झाली. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील. जावई शहाजीराजे यानंतर निजामशाहीतून बाहेर पडले आणि १६३० मध्ये काही काळ मोगलांकडे गेले, पाच हजारी मनसब मिळाली. म्हणजे दिल्लीचा बंडखोर दौलताबादेत येतोय आणि दौलताबादचा मातब्बर सरदार दिल्लीकडे जातोय, असा तो उलटापालटीचा काळ. त्याच काळात, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

पावसाळा संपल्यावर आझमखान बीडवर चालून आला. बीडजवळ राजौरीला खानजहानला गाठलं. तिथली हकीकत वाचताना लढाईपेक्षा घरच चटका लावून जातं. हत्तींवरच्या अंबारीत बायका होत्या. हत्तींची चाल धिमी, पळणं शक्य नव्हतं. खानजहानने बायकांना अंबारीतून उतरवून घोड्यांवर बसवलं, सामान तिथंच सोडलं. त्याचा पुतण्या बहादूरखान मागं राहून लढला, चुलत्याला निघायला वेळ मिळावा म्हणून. तो तिथंच पडला. रिकाम्या अंबारीचा हत्ती आणि काही बायका मोगलांच्या हाती लागल्या. आग्रा सोडल्यापासून घरातला हा तिसरा जवान गेला.

खानजहान दौलताबादेकडे सरकला. निजामशाहला आता हा पाहुणा परवडेनासा झाला होता. मुलूख उद्ध्वस्त होत होता, आणि भरीस भर म्हणजे १६३० चा पाऊस गेला. दख्खन आणि गुजरातमध्ये जो दुष्काळ पडला, त्याची वर्णनं आजही वाचवत नाहीत. लाहोरी लिहितो की भाकरीच्या तुकड्यासाठी लोक जीव विकायला तयार होते आणि घेणारा नव्हता. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे जाताना रस्त्याकडेला पडलेली प्रेतं बघत गेला. बादशाहने बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबादला लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. पण दख्खनच्या रानात फौजा फिरतच होत्या आणि उभं-आडवं जे उरलं होतं ते त्यांची जनावरं खात होती. धाराशिव-बीडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यात तीन फौजांची भर कल्पून बघा.

जानेवारी १६३१ मध्ये आझमखानने धारूरचा किल्ला घेतला, त्याचं नाव फतेहाबाद ठेवलं. तिथून तो परंड्यावर आला. बाहेरची वस्ती लुटली, वेढा घातला. पण आसपास कित्येक कोस घोड्यांना चारा नव्हता. दुहेरी तट, भोवती खंदक आणि आत भरपूर तोफा असलेला किल्ला उपाशी घोड्यांवरून घेता येत नाही. आझमखान वेढा उठवून धारूरला परतला. परंडा त्या वर्षी वाचला, तो तटाइतकाच दुष्काळामुळं.

आणि गंमत अशी, की ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस तोवर दख्खनेत उरलाच नव्हता.

सिहोंडा

थंडीच्या दिवसांत खानजहानने ठरवलं की उत्तरेकडं जायचं, पंजाबात पोहोचायचं आणि तिथल्या अफगाणांना उभं करायचं. सोबत दर्याखान, ऐमलखान, सद्रखान आणि उरलेली मुलं. माळव्यातून तो सिरोंजकडे निघाला. मागं अब्दुल्लाखान आणि सय्यद मुझफ्फरखान बारहा. अब्दुल्लाखान म्हणजे १६११ साली नाशिकच्या वाटेवर मार खाल्लेला तोच. मधल्या काळात त्याने स्वतःही शहजादा खुर्रमच्या बंडात भाग घेतला होता. जिंकलेल्याच्या बाजूने बंड केलं तर ते बंड राहत नाही, एवढाच फरक.

बुंदेलखंडात यावेळी वाट मिळाली नाही. ज्या विक्रमाजितने पहिल्यांदा आडवाट दाखवली होती, त्यानेच आता हल्ला केला. मागचं पाप धुवायची त्याला संधी हवी होती. दर्याखान मारला गेला. विक्रमाजितला ‘जुगराज’ हा किताब मिळाला. पुढच्या झटापटींत खानजहानचा मुलगा महमूद पडला. कालिंजरच्या किल्लेदाराने वाट अडवली, तिथं हसन नावाचा मुलगा पकडला गेला.

रजब १०४० च्या सुरुवातीला, म्हणजे फेब्रुवारी १६३१ मध्ये, कालिंजरच्या उत्तरेला सिहोंड्याच्या तळ्याकाठी खानजहान थांबला. सोबत्यांना सांगितलं, ज्यांना जायचं त्यांनी जा, मी आता पळणार नाही. बरेच गेले. मुलगा अझीझ आणि ऐमलखान थांबले. घोड्यावरून उतरून त्यांनी शेवटची लढाई दिली. माधोसिंगाच्या भाल्याने खानजहान पडला, मग बाकीचेही. तिघांची शिरं बुऱ्हाणपूरला पाठवली. बादशाह त्या वेळी तापी नदीत नावेत होता.

अब्दुल्लाखानला ‘फिरोज जंग’ किताब मिळाला. सय्यद मुझफ्फरखानला कुठला किताब दिला असेल? ‘खानजहान’.

इथं महाबतखानची आठवण येते. त्याने १६२६ मध्ये झेलमच्या काठी चक्क जहांगीर बादशाहला ताब्यात घेतलं होतं. यापेक्षा मोठं बंड काय असतं! तरी शाहजहानच्या काळात तो खानखानान झाला, कारण पडत्या काळात तो खुर्रमला जाऊन मिळाला होता. खानजहानने कधी बादशाहवर हात टाकला नाही. लाहोरी त्याच्या बंडाचं कारण त्याच्या स्वभावात शोधतो. आमच्या मते ते भीतीत होतं, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती.

मागं राहिलेले

हुसेन, अझमत, महमूद, हसन, अझीझ ही नावं वर येऊन गेली. असालत नावाचा मुलगा बंडाच्या काळातच दौलताबादेत वारला होता. मुझफ्फर बापाला सोडून दरबारात हजर झाला होता. फरीद आणि जानजहान पकडले गेले. आलम आणि अहमद निसटले, आणि बऱ्याच काळाने दरबारात आले. यातला कुणीही पुढं मोठ्या पदाला चढला नाही. घरातल्या बायकांची नावं मोगल ग्रंथांनी नोंदवलेली नाहीत. राजौरीत ज्यांना अंबारीतून उतरवलं त्या कोण होत्या, हे कुठंच लिहिलेलं नाही.

मराठवाड्यात आज लोदी किंवा लोधी आडनावाची घरं आहेत, आणि ‘आम्ही खानजहानच्या वंशातले’ असं कधीमधी ऐकायला मिळतं. आडनावावरून एवढं ठरत नाही. लोदी ही फार मोठी शाखा आहे आणि मोगल, निजामशाही, आदिलशाही, पुढं आसफजाही अशा सगळ्या फौजांतून पठाण इकडं येत राहिले. सनद, इनामपत्र किंवा जुना शजरा घरात असेल तर तो मात्र जपून ठेवावा, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय लॅमिनेशन करू नये.

दर्याखान रोहिल्याच्या घराचं वेगळंच झालं. बाप बादशाहचा बंडखोर म्हणून मारला गेला, पण मुलं बादशाहच्याच चाकरीत चढली. थोरल्या बहादूरखानने उत्तरेत शाहजहानपूर वसवलं. धाकटा जलालखान, म्हणजेच दिलेरखान. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांबरोबर येऊन पुरंदरला वेढा घालणारा, ज्याच्यासमोर मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले, तो दिलेरखान याच दर्याखानचा मुलगा. खानजहानबरोबर दख्खनेत आसरा शोधणाऱ्याचा पोरगा पस्तीस वर्षांनी मोगलांचा सेनापती म्हणून त्याच दख्खनेत आला.

निजामशाहीचं काय झालं ते थोडक्यात. बुऱ्हाण निजामशाहने मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याला कैदेतून सोडलं, आणि फत्तेखाननेच त्याला संपवलं. जून १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. शहाजीराजांनी दुसरा एक वारस पुढं करून निजामशाही १६३६ पर्यंत चालवली. परंडा त्याआधीच आदिलशाहीकडे गेला होता. १६३२ मध्ये मुरार पंडिताने मुलूख-ए-मैदान तोफ इथून विजापूरला नेली. १५४९ मध्ये अहमदनगरात रूमीखानने ओतलेली ही तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. १६३३-३४ मध्ये शहजादा शुजा आणि तोच महाबतखान परंड्याला वेढा घालून बसले आणि हात हलवत परत गेले. मोगलांना परंडा मिळाला तो १६६० मध्ये, तोही लढून नव्हे. किल्लेदार गालिबने तो शायिस्ताखानच्या माणसांच्या हवाली केला.